चिनी सुरक्षाविचार पाश्चात्त्य वाचकांपुढे मांडताना: मजकूर निवडण्यापासून तळटिपेपर्यंत

आंतरराष्ट्रीय सुरक्षेबद्दल चीनमध्ये जे लिहिलं जातं, त्यातलं दोनच प्रकारचं लेखन युरोप-अमेरिकेतल्या सर्वसाधारण वाचकापर्यंत पोचतं. एक म्हणजे सरकारी इंग्रजीतली गुळगुळीत निवेदनं, जी तो दुसऱ्या परिच्छेदातच सोडून देतो. दुसरं म्हणजे एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याची धमकी, जिचा लगेच मथळा होतो. विद्यापीठांत, संशोधन संस्थांत आणि लष्करी अकादम्यांत जो तपशीलवार वाद चालतो, तो बहुतेक वेळा चिनीतच राहतो. तो इंग्रजीत किंवा दुसऱ्या युरोपीय भाषेत नेऊ पाहणाऱ्या भाषांतरकार-संपादकांसाठी, आणि चिनी शिकून या कामाकडे वळू पाहणाऱ्या मराठी अभ्यासकांसाठीही, हा लेख आहे.

या कामात चीनची बाजू घ्यायची नसते आणि खोडायचीही नसते. युक्तिवाद पुरा पोचवायचा, तो कोणाचा आहे आणि त्याला किती वजन आहे हे सांगायचं. वजन न सांगता युक्तिवाद पोचवला तर तो प्रचार होतो. युक्तिवाद अर्धा तोडून नुसतं वजन सांगितलं तर हाती कात्रणांपलीकडे काही उरत नाही.

पहिली पायरी: बोलतंय कोण?

भाषांतराला हात लावण्याआधी मजकूर अधिकाराच्या कुठल्या पायरीवर आहे ते ठरवा. इथे झालेली चूक पुढे कितीही सुंदर भाषांतर केलं तरी निस्तरत नाही.

सर्वांत वर चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या महाअधिवेशनाचा अहवाल आणि शी चिनफिंग यांची भाषणं. भाषणांबाबत एक खाच आहे. बैठकीच्या दिवशी शिनह्वा वृत्तसंस्था अनेकदा फक्त सारांश देते, आणि पुरा मजकूर किंवा त्याचा काही भाग 'च्योउश' या पक्षाच्या पाक्षिकात काही महिन्यांनी येतो. म्हणून दोन्ही तारखा द्या. नाहीतर जुनं भाषण कालच्या घडामोडीवरची प्रतिक्रिया म्हणून वाचलं जातं.

त्याखाली राज्य परिषदेच्या, म्हणजे चीनच्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या, माहिती कार्यालयाच्या श्वेतपत्रिका. संरक्षणविषयक श्वेतपत्रिका १९९८ पासून निघू लागल्या, २०१० पर्यंत साधारण दर दोन वर्षांनी येत राहिल्या, मग २०१३, २०१५ आणि जुलै २०१९ मध्ये आल्या. मे २०२५ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेवर स्वतंत्र श्वेतपत्रिका निघाली. त्याच उंचीच्या आसपास परराष्ट्र मंत्रालयाची भूमिकापत्रं येतात. उदाहरणार्थ, शी यांनी २०२२ मध्ये जाहीर केलेल्या 'जागतिक सुरक्षा पुढाकारा'चा २१ फेब्रुवारी २०२३ चा संकल्पना दस्तऐवज आणि त्यानंतर तीनच दिवसांनी आलेली युक्रेनबाबतची १२ कलमी भूमिका. त्याच मंत्रालयाच्या प्रवक्त्याची रोजची उत्तरं त्याखाली. ती घेताना चिनी आणि इंग्रजी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत फरक सापडतो.

मग वर्तमानपत्रं. 'पीपल्स डेली' या पक्षाच्या मुखपत्रात अग्रलेख, भाष्यकाराचा लेख आणि टोपणनावाचा लेख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'चोंग शंग' या सहीखाली येणारे लेख कुणा एका व्यक्तीचे नसतात, परराष्ट्र विषयांवर संपादकीय विभागाचं मत मांडणारी ती सही आहे. 'कुओ चिफिंग' हीसुद्धा तशीच. अशा लेखाला 'चोंग शंग नावाचे विश्लेषक म्हणतात' असं लिहिलं की जाणकार वाचक तिथेच थांबतो. 'ग्लोबल टाइम्स' पीपल्स डेलीच्याच समूहातलं आहे, पण त्याचा आवाज मुद्दाम चढा असतो. त्यातलं वाक्य सरकारचं धोरण म्हणून उद्धृत करू नये.

संशोधन संस्थांचं नातं एका वाक्यात स्पष्ट सांगावं. चीन आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्था परराष्ट्र मंत्रालयाशी जोडलेली आहे. समकालीन आंतरराष्ट्रीय संबंध संस्था राज्य सुरक्षा मंत्रालयाशी संबंधित मानली जाते. 'जागतिक अर्थकारण आणि राजकारण' हे नियतकालिक सामाजिक विज्ञान अकादमीतल्या संस्थेचं. छिंगह्वा विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि धोरण केंद्र २०१८ मध्ये स्थापन झालं. तिथल्या लोकांना परदेशी व्यासपीठांवर बोलायची सवय आहे, त्यामुळे त्यांचं लेखन आधीच बाहेरच्या वाचकाला धरून केलेलं असतं. चिनी नियतकालिकात चिनी सहकाऱ्यांसाठी लिहिलेला लेख भाषांतराला अवघड, पण मोलाचा.

निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांबाबत जास्त सावध राहा. २०१८ च्या अखेरीस लुओ युआन यांनी अमेरिकेच्या दोन विमानवाहू नौका बुडवण्याची भाषा केली आणि ती जगभर छापून आली. त्यांची ओळख लष्करी विज्ञान अकादमीतले संशोधक आणि चढ्या सुराचे भाष्यकार अशी आहे. बहुतेक मथळ्यांत मात्र ते नुसते 'चिनी ॲडमिरल' झाले. पद, निवृत्ती आणि आताची संस्था या तीन गोष्टी नावाबरोबर पहिल्याच उल्लेखात द्याव्यात.

दुसरी पायरी: मजकूर निवडणं आणि जपून ठेवणं

चिनी संशोधन नियतकालिकातला लेख साधारण १० ते २० हजार अक्षरांचा असतो. १,००० चिनी अक्षरांचे इंग्रजीत अंदाजे ६०० ते ६५० शब्द होतात. म्हणजे पुरा लेख ६ ते १३ हजार शब्दांत जातो आणि सामान्य वाचक तेवढं वाचत नाही. म्हणून उतारे काढावे लागतात, आणि सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो.

उतारे काढताना तीन बंधनं पाळा. क्रम बदलू नका. गाळलेल्या प्रत्येक जागी चौकटी कंसात टिंबं द्या. आणि लेखकाने विरुद्ध बाजूचं जे मान्य केलं असेल, किंवा स्वतःच्या देशाच्या धोरणावर जी मोजूनमापून टीका केली असेल, ती कधीही गाळू नका. अशी टीका बहुधा लेखाच्या शेवटच्या तृतीयांशात, 'आव्हाने' किंवा 'सूचना' अशा शीर्षकाखाली असते. पहिली पाच पानं वाचून उतारे काढणाऱ्याच्या हाती ती लागतच नाही.

सुरुवातीला बहुतेक लेखांत नेतृत्वाची वचनं येतात. ती गुपचूप उडवून टाकली तर मजकूर मूळ लेखकाचा राहत नाही आणि सगळी ठेवली तर वाचक पळतो. एक वचन ठेवा, बाकीच्यांसाठी टीप द्या: 'इथे तीन परिच्छेदांत अमुक भाषणाचा हवाला आहे.' ती वाचताना स्वतः मात्र डोळसपणे वाचा. ठरलेल्या शब्दरचनेत झालेला छोटा बदल कित्येकदा लेखाचा खरा मुद्दा असतो. 'समान, सर्वंकष, सहकारी आणि शाश्वत सुरक्षा' ही चौकडी शी यांनी मे २०१४ मध्ये शांघायच्या आशियाई परिषदेत मांडली. २१ एप्रिल २०२२ ला बोआओ इथल्या आशियाई मंचावर जागतिक सुरक्षा पुढाकार जाहीर झाला, तेव्हा तीच चौकडी त्यात पहिल्या कलमात बसली. त्याच भाषणात 'अविभाज्य सुरक्षा', म्हणजे दुसऱ्याची सुरक्षा धोक्यात घालून आपली वाढवू नये, हे तत्त्वही आलं. जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे वाचकाला सांगणारी टीप दोन ओळींची असते. ती नसली की अख्खा पुढाकार एक तर संपूर्ण नवा वाटतो, नाहीतर संपूर्ण पोकळ.

मूळ पान सापडलं त्याच दिवशी त्याची प्रत आणि तारीख साठवा. चिनी संकेतस्थळांवरून लेख हलतात, कधी नाहीसे होतात. सीएनकेआय या मोठ्या संशोधन संग्रहातल्या काही विभागांचा परदेशातून वापर १ एप्रिल २०२३ पासून थांबवला गेला. त्यामुळे 'नंतर काढू' म्हणून ठेवलेला संदर्भ मिळेलच असं नाही.

तिसरी पायरी: भाषांतर

दोन खर्डे करा. पहिला मूळ वाक्याला चिकटून, वाचायला खडबडीत झाला तरी चालेल. दुसरा वाचकासाठी. पहिला फेकू नका, शंका आली की दुसरा खर्डा त्याच्याशी ताडून पाहता येतो. ज्याने भाषांतर केलं, त्यानेच ते तपासू नये. शक्य असेल तर तपासणारा चिनी मातृभाषेचा हवा आणि शेवटचा हात इंग्रजी मातृभाषेच्या संपादकाचा.

अधिकृत इंग्रजी पाठ उपलब्ध असला तर तो आधी पाहा, पण त्यावर विसंबू नका. १ जुलै २०२१ ला पक्षाच्या शताब्दीला तिआनआनमन चौकात झालेल्या भाषणातलं एक वाक्य घ्या. मूळ चिनीचा अर्थ असा: कुणाही परकीय शक्तीने आम्हाला छळावं, दडपावं, गुलाम करावं हे चिनी जनता कदापि होऊ देणार नाही, जो तसा मनसुबा धरील, तो १४० कोटींहून अधिक चिनी लोकांनी आपल्या रक्तामांसाने उभारलेल्या पोलादी भिंतीवर आपटून डोकं फोडून घेईल. अधिकृत इंग्रजीत फुटलेलं डोकं नाही आणि रक्तमांसही नाही. उरली ती पोलादी भिंतीशी टक्कर. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी नेमकी उलट बाजू उचलली आणि रक्तबंबाळ डोक्यांचे मथळे दिले.

दोन्ही अपुरे आहेत. डोकं फुटून रक्त वाहणं हा चिनीतला रोजच्या वापरातला वाक्प्रचार आहे, सपशेल तोंडघशी पडण्यासाठी तो सर्रास वापरतात. रक्तामांसाची भिंत राष्ट्रगीतातून आली आहे आणि ते गीत जपानविरुद्धच्या प्रतिकाराच्या काळातलं आहे. तरीही हजारोंच्या सभेत, हल्ल्याच्या कल्पनेसोबत निवडलेले ते शब्द कठोर आहेत, हेही खरंच. म्हणून मजकुरात मूळची प्रतिमा ठेवावी. टिपेत तीन गोष्टी सांगाव्यात: अधिकृत इंग्रजीत काय आहे, वाक्प्रचार किती सामान्य आहे, प्रतिमा कुठून आली. निवाडा वाचक करील.

नेहमी अडवणाऱ्या संज्ञांची यादी सुरुवातीलाच करा आणि सगळ्या लेखभर एकच प्रतिशब्द ठेवा. तीन संज्ञा इथे घेतो, कारण त्यांच्यावरून खरोखर राजकारण घडलं आहे.

'वेइश' याचं भाषांतर सरसकट शत्रूला रोखून धरणं, परावृत्त करणं असं होतं. चिनी लष्करी लेखनात त्यात दबाव टाकून एखादी गोष्ट करायला भाग पाडणंही येतं. पाश्चात्त्य सिद्धांतात या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. कुठला अर्थ आहे ते वाक्यावरून ठरवा आणि पहिल्या वापराला टीप द्या.

'थाओ क्वांग यांग ह्वेइ' हे माओनंतरचे चिनी नेते तंग शिआओफिंग यांच्या काळातलं सूत्र अमेरिकी संरक्षण खात्याच्या अहवालांत 'क्षमता लपवा, वेळेची वाट पाहा' अशा अर्थाने गेलं. अनेक चिनी अभ्यासकांच्या मते त्याचा अर्थ डोकं खाली घालून आपलं काम करणं एवढाच आहे. इथे एकच अर्थ निवडून बाकीचा वाद झाकला, तर वाचकाची फसवणूक होते.

तिसरी तैवानची. १९७२ च्या शांघाय निवेदनात आणि १९७९ पासून अमलात आलेल्या राजनैतिक संबंधांच्या निवेदनात, तैवान चीनचा भाग आहे या चिनी भूमिकेबद्दल दोन्ही वेळा अमेरिकेने इंग्रजीत 'अक्नॉलेज' हेच क्रियापद वापरलं. चिनी पाठात १९७२ ला 'जाणते' अशा अर्थाचा शब्द होता, १९७९ ला 'मान्य करते' अशा अर्थाचा 'छंगरन' आला. अमेरिका आपल्या इंग्रजी पाठाला धरून आहे. त्यामुळे चिनी लेखक 'अमेरिकेने हे मान्य केलं आहे' असं लिहितो, तेव्हा तो त्याच्यापुढच्या पाठाशी प्रामाणिक असतो. त्याचं वाक्य मऊ करू नका. तसंच ठेवा आणि दोन पाठांमधला फरक तळटिपेत द्या.

न लिहिलेलं वाचणं

'काही देश', 'एखाददुसरा देश', 'प्रदेशाबाहेरचे देश' असं चिनी मजकुरात आलं की बहुधा अमेरिका अभिप्रेत असते, दक्षिण चिनी समुद्राच्या संदर्भात कधी तिचे मित्रदेशही. मजकुरात अमेरिकेचं नाव घालू नका. नाव न घेणं हीसुद्धा लेखकाची निवड आहे. चौकटी कंसात खुलासा पुरतो. आणि एखाद्या दस्तऐवजात नाव घेतलं असेल, जसं २०१९ च्या श्वेतपत्रिकेत अमेरिकेचं घेतलं आहे, तर तेही वाचकाच्या नजरेला आणून द्या.

काय गाळलं आहे हेही पाहायचं. युक्रेनवरची १२ कलमं सर्व देशांच्या सार्वभौमत्वाच्या आदराने सुरू होतात, अण्वस्त्रांच्या वापराला विरोध करतात, एकतर्फी निर्बंध थांबवा म्हणतात. 'आक्रमण' हा शब्द त्यांत नाही, सगळीकडे 'युक्रेन संकट' आहे. प्रस्तावनेत हे सरळ सांगावं. न सांगणारा भाषांतरकार विश्वास गमावतो, आणि मग त्या बारा कलमांत काय आहे तेही कुणी वाचत नाही.

इशाऱ्यांच्या भाषेत घाईने निष्कर्ष नको. 'आधी सांगितलं नव्हतं असं म्हणू नका' या अर्थाचं जुन्या वळणाचं वाक्य पीपल्स डेलीने सप्टेंबर १९६२ मध्ये भारताला उद्देशून वापरलं आणि महिन्याभरात युद्ध झालं. डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामला उद्देशून वापरलं, पुढच्या फेब्रुवारीत युद्ध झालं. एवढ्यावर थांबलात तर ते रणशिंग वाटेल. पण मे २०१९ मध्ये दुर्मिळ खनिजांच्या वादात तेच वाक्य अमेरिकेसाठी आलं, आणि तिथे प्रश्न व्यापाराचा होता. टीप द्यायची तर तिन्ही उदाहरणं द्या.

चौथी पायरी: प्रस्तावना आणि टिपा

प्रस्तावना २५० शब्दांच्या आत, टिपा दर २,००० शब्दांना दहा-बारा, त्याहून जास्त नकोत. प्रस्तावनेत खंडन नको. लेखक कोण, कुणासाठी लिहिलं, कधी, कुठल्या वादात, आणि चीनमध्ये याविरुद्ध मत कुणाचं आहे, एवढं द्या.

एक गोष्ट पाश्चात्त्य वाचकाला जवळजवळ प्रत्येक वेळी सांगावी लागते. तो 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हणजे सैन्य, सीमा आणि मित्रराष्ट्रं समजतो. १५ एप्रिल २०१४ ला मांडलेल्या 'सर्वंकष राष्ट्रीय सुरक्षा दृष्टी'त राजकीय सुरक्षा, म्हणजे मुख्यतः पक्षाची सत्ता आणि राज्यव्यवस्था अबाधित राहणं, हे मूळ मानलं आहे. सुरुवातीच्या यादीत ११ क्षेत्रं होती, संस्कृती आणि परिसंस्थेसह. ती यादी पुढे वाढत गेली. हे माहीत नसेल तर सुरक्षेवरचा लेख मध्येच विचारसरणीकडे का वळला, हे वाचकाला उमगत नाही.

आता टीप कशी लिहायची त्याचा नमुना. समजा लेखक म्हणतो, 'नाटोच्या विस्ताराने अविभाज्य सुरक्षेच्या तत्त्वाचा भंग झाला.' पाश्चात्त्य वाचकाला वाटेल, ही रशियाची घोषणा चीनने उसनी घेतली. टिपेत क्रमाने हे द्यावं. सुरक्षेच्या अविभाज्यतेची कल्पना १९७५ च्या हेलसिंकी अंतिम करारात आहे आणि त्यावर पाश्चात्त्य देशांच्याही सह्या आहेत. १९९९ च्या इस्तंबूल सनदेच्या आठव्या परिच्छेदात दोन गोष्टी एकत्र आहेत: प्रत्येक देशाला आपली युती निवडण्याचा हक्क, आणि दुसऱ्याच्या सुरक्षेची किंमत देऊन आपली सुरक्षा न वाढवण्याची बांधिलकी. नाटोचे देश पहिल्या अर्ध्यावर बोट ठेवतात, मॉस्को आणि बीजिंग दुसऱ्यावर. ही सनद ज्या युरोपीय सुरक्षा आणि सहकार्य संघटनेची, तिचा चीन सदस्य नाही, पण २०२२ पासून त्याने हे तत्त्व जगभरासाठी मांडलं आहे. साठ-सत्तर शब्दांत हे बसतं. कोण बरोबर हे टीप सांगत नाही, पण वाद नेमका कुठे अडला आहे ते दिसतं.

भारतीय भाषांतरकाराला इथे एक फायदा आहे आणि एक धोकाही. जागतिक सुरक्षा पुढाकारावरचे चिनी लेख अनेकदा १९५४ च्या पंचशीलापर्यंत मागे जातात. तो करार भारत आणि चीनमधला होता आणि तिबेटशी व्यापाराबद्दलचा होता. लंडन-वॉशिंग्टनच्या वाचकाला हे ठाऊक नसतं, आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण त्याच ओघात १९६२ आणि २०२० चं गलवान टिपेत उतरतं आणि टिपेचा सूर बदलतो. तो संदर्भ मूळ लेखाच्या विषयाशी जोडलेला असेल तरच यावा.

मतभेद दाखवणं आणि लेखकाची काळजी

एकच लेख छापला की तो 'चीनचं मत' होतो. जमेल तेव्हा जोडी छापा. युक्रेनवर हे शक्य आहे. मार्च २०२२ मध्ये राजकीय अभ्यासक हू वेइ यांनी चीनने पुतिनपासून लवकर दूर व्हावं असं लिहिलं. एप्रिल २०२४ मध्ये रशियाचे अभ्यासक फंग युच्युन यांनी 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये रशिया हरणार असं मांडलं. त्यांच्या शेजारी अधिकृत भूमिकेचं समर्थन करणारा तितक्याच ताकदीचा लेख ठेवा. दुबळा लेख ठेवून जोडी पूर्ण करणं हे अप्रामाणिकपणाचंच काम.

हू वेइ यांचा लेख ज्या अमेरिकी संकेतस्थळावर आला, ते त्यानंतर चीनमध्ये बंद पाडलं गेलं. म्हणून लेखकाशी आधीच लेखी ठरवा: मथळा, उतारे आणि ओळखीची ओळ. पाश्चात्त्य संपादक मथळा शेवटच्या क्षणी बदलतात, आणि 'संघर्ष टाळण्यासाठी सूचना'चं 'चिनी तज्ज्ञाची बीजिंगवर टीका' होतं. मथळा लेखकाला दाखवल्याशिवाय बदलणार नाही, हे कलम करारातच असू द्या.

१ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित हेरगिरीविरोधी कायद्यात, राष्ट्रीय सुरक्षा आणि हितांशी संबंधित दस्तऐवज आणि माहितीही आली आहे. तेव्हा अप्रकाशित टिपणं, अंतर्गत अहवाल, बंद बैठकीतली वाक्यं मागू नका आणि कुणी स्वतःहून पाठवली तर वापरू नका. फक्त चीनमध्ये जाहीरपणे छापलेलं घ्या आणि छापल्याचा तपशील द्या. श्वेतपत्रिकेसारख्या राज्यसंस्थांच्या अधिकृत दस्तऐवजांना चिनी कायद्यात स्वामित्वहक्क लागू नाही. अभ्यासकांच्या लेखांना तो आहे, तेव्हा लेखक आणि नियतकालिक दोघांची परवानगी काढा.

छापण्याआधी

नावं आधी आडनाव या चिनी क्रमाने, सगळीकडे सारखी. संस्थेचं स्वतःचं इंग्रजी नाव असेल तर तेच. प्रत्येक उद्धरण मूळ प्रतीशी पुन्हा ताडा, विशेषतः नकार आणि 'कदाचित', 'काही प्रमाणात' असे शब्द. संपादनात सगळ्यात आधी तेच गळतात आणि मोजून बोललेला माणूस ठाम बोलल्यासारखा दिसतो. शेवटी, मूळ लेख न वाचलेल्या कुणालातरी भाषांतर द्या आणि लेखकाचा मुद्दा तीन वाक्यांत सांगायला लावा. ती तीन वाक्यं परत चिनीत करून लेखकाकडे पाठवा. त्याचं 'हो' आलं की मजकूर छपाईला जाऊ द्या. 'जवळजवळ' असं उत्तर आलं, तर कुठल्या वाक्याबद्दल, ते विचारून घ्या.